माझा पाय, तुमचं भाषण

बाबा, यंदा मी तुमच्या खुर्चीत बसले आहे. लखनौ आणि आसपासच्या जिल्ह्यांतल्या सगळ्या सेवा क्लबांची प्रांतपाल. तुम्ही होतात तेव्हा लोक तुम्हाला 'गवर्नर साहब' म्हणायचे, मला 'गवर्नर मैडम' म्हणतात. एवढाच फरक आहे. बाकी सगळं तेच: झेंडूचे हार, मंचावर कोण कुठे बसणार यावरून रुसवेफुगवे, एका म्हातारीच्या अंगावर एकच ब्लँकेट आणि फोटोसाठी त्या ब्लँकेटला लागलेले डझनभर हात. उन्नावला अध्यक्ष आणि सचिव एकमेकांशी बोलत नाहीत. हरदोईचा क्लब निम्मा कागदावरच आहे. मी रविवारी गाडी काढते, त्यांच्याकडे जाते, पुरी-सब्जी खाते, दोघांना समोरासमोर बसवते आणि बोलते. हे तुमच्याकडे बघूनच शिकले. शिकायचं नव्हतं, पण मागच्या सीटवर बसून सगळं दिसत होतं.

मागच्या सीटवर मी असायचे, मांडीवर थर्माकोलचा डबा. त्यात बर्फ, आणि बर्फात पोलिओच्या लशीच्या बाटल्या. तुम्ही बँकेतून शनिवारी लवकर निघायचात, महानगर मोहल्ल्यातल्या आपल्या घरासमोर हॉर्न वाजवायचात आणि आई मला जिना उतरवून गाडीत बसवायची. उजव्या पायाला कॅलिपर, त्याच्या पट्ट्या तिनेच बांधलेल्या. सीतापूर, बाराबंकी, रायबरेली, कुठे कुठे नेलंत. तिथे क्लबाचे लोक वाट बघत असायचे. एखादा कापडवाला, एखादा होमिओपॅथ, इंटर कॉलेजचे प्रिन्सिपल. पिवळे बॅनर लागलेले, टेम्पोवर भोंगा. तुम्हाला सगळ्यांची नावं पाठ, त्यांच्या मुलांच्या परीक्षासुद्धा. ज्या गावात चार माणसं एकत्र येत नव्हती तिथे तुम्ही वीस जणांचा क्लब उभा केलात. हे मी नाकारत नाही. तुम्ही कामाचे माणूस होतात, आणि काम खरं होतं.

पण मग सभा सुरू व्हायची. शाळेचं मैदान, सतरंज्या, समोर बायका, कडेवर मुलं. तुम्ही दहा मिनिटं बोलायचात, मग माझ्याकडे वळायचात आणि म्हणायचात, "आओ बेटा." दोघं जण मला खुर्चीवर उभं करायचे. "दिखाओ." आणि मी सलवार गुडघ्यापर्यंत वर घ्यायचे. मी आता हे लिहिताना पायावर शाल ओढून घेतली आहे. खुर्ची डुगडुगते, मी तुमचा खांदा धरते, समोरच्या बायका तोंडावर पदर घेतात, एखादी 'हाय राम' म्हणते, एखादं लहान मूल हसतं. तुम्ही थांबता. किती वेळ थांबायचं हे तुम्हाला बरोबर ठाऊक. मग आवाज खाली आणता. "यह मेरी बिटिया है. हम भी पढ़े-लिखे हैं. लेकिन इसकी माँ को किसी पड़ोसन ने कह दिया, दवा मत पिलाना. उसने सुन लिया. आप मत सुनिए." पुढच्या अर्ध्या तासात बूथवर रांग लागायची. मुलांच्या करंगळीवर मार्करची खूण करता करता क्लबाच्या लोकांचे हात निळे व्हायचे.

परत येताना तुम्ही चारबागला गाडी थांबवायचात आणि स्टेशनच्या स्टॉलवरून मला पुस्तक घेऊन द्यायचात. दर वेळी. माझं सगळं वाचन त्या स्टॉलवर झालं म्हटलं तरी चालेल. तेव्हा वाटायचं, बाबा माझे लाड करतात. नंतर कळलं की तो मोबदला होता. तुम्हालाही ते कळत होतं, नाहीतर एखाद्या वेळी तरी विसरला असतात.

नववीत असताना मी नाही म्हटलं. मलिहाबादला जायचं होतं. वयात आलेल्या मुलीला चारचौघांत पाय उघडा करताना जे वाटतं ते मला वाटत होतं, पण ते तुम्हाला सांगायला शब्द नव्हते. मी म्हटलं, मला अभ्यास आहे. तुम्ही ओरडला नाहीत. बूट घालत होतात, लेस बांधता बांधता म्हणालात, "तुझा एक पाय गेला. तो दाखवून हजार पाय वाचत असतील तर तुला दोन तास उभं राहायला काय होतं? इतकं साधं कळत नाही?" मला कळलं. मी आले. त्या दिवसापासून आजपर्यंत कुणी मला काही मागितलं की आधी तेच वाक्य कानात वाजतं आणि मी उठते. लोकांना वाटतं, किती सेवाभावी बाई आहे.

हे सगळं मी एक वेळ पोटात घातलं असतं. माझा पाय होता, माझा अपमान होता. पण त्या गोष्टीत आई होती, आणि आईचं असलं काही झालंच नव्हतं, बाबा.

आईला ते कसं कळलं ते तुम्हाला आठवत असेल. बाहेरगावी ती कधी यायची नाही. त्या वर्षी प्रांताचं अधिवेशन लखनौतच होतं, म्हणून आली. जांभळी इरकल नेसून, पहिल्या रांगेत. तुम्ही नेहमीचं भाषण केलंत. मला वाटतं सवयीनं तोंडातून गेलं, ती समोर आहे हे लक्षातच आलं नाही. किंवा आलंही असेल. मी खुर्चीवर उभी होते, मला वरून सगळं दिसत होतं. आधी आईच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. मग शेजारच्या बाई तिच्याकडे वळल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "बहन जी, आप तो समझदार लगती हैं, फिर भी?" आईने हात जोडले. म्हणजे नक्की काय केलं ते मला आजही कळलेलं नाही. माफी मागितली की गप्प बसा म्हटलं.

घरी आल्यावर ती साडी न बदलता स्वयंपाकघरात गेली आणि कणीक मळायला लागली. तुम्ही दारात उभे. मी टेबलाशी कॅलिपर काढत बसले होते. ती म्हणाली, "तीनदा नेलं होतं मी तिला. रिक्षानं. तिन्ही वेळा रांगेत उभी राहिले."

"मला माहीत आहे," तुम्ही म्हणालात.

"मग?"

"मग काय सांगू? डोस दिले होते तरी झालं, असं सांगू? औषध गार राहिलं नव्हतं, वीज नव्हती, हे त्या बायकांना समजावत बसू? उद्या एक बाई दार उघडणार नाही."

"मग माझंच नाव घ्यायचं?"

"अगं, नाव कुठे घेतलं? आई म्हटलं फक्त."

आई पोळी लाटत राहिली. शेवटी म्हणाली, "विचारायचं तरी होतंत." तुम्ही हात धुतलेत. जेवायला बसलात. दोन पोळ्या जास्त खाल्ल्यात, मी पाहत होते. त्यानंतर आई क्लबाच्या एकाही कार्यक्रमाला आली नाही आणि तुम्ही भाषण बदललं नाहीत. त्या बाबतीत तुमच्या दोघांचं पुन्हा बोलणं झाल्याचं मी ऐकलं नाही. घर चालू राहिलं. चहा वेळेवर मिळायचा. पण आई तुमच्याशी बोलताना तुमच्याकडे बघायची नाही, पलीकडच्या भिंतीकडे बघायची, आणि तुम्हाला ते दिसलंच नाही. तुम्हाला सीतापूरच्या सचिवाच्या मुलाचे मार्क लक्षात राहायचे.

तुम्ही गेलात तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं. जिल्ह्याजिल्ह्यांतून गाड्या आल्या. शोकसभेत पाच जण बोलले, त्यांतल्या तिघांनी ती गोष्ट सांगितली. पत्नीच्या एका चुकीतून या माणसाने केवढं अभियान उभारलं, असं. आई पांढऱ्या चादरीवर बसून ऐकत होती. तेव्हाच मी क्लबात जायचं ठरवलं. मी औषधांच्या संशोधन संस्थेत नोकरी करते, मला सेवेची हौस नव्हती. वारसा वगैरे लोकांनी चिकटवलेलं कौतुक आहे. मला त्या मंचावर एकदा माझ्या पायावर उभं राहायचं होतं, कुणाचा खांदा न धरता, आणि माईक माझ्या हातात हवा होता. त्यासाठी मी वर्षानुवर्षं त्या कंटाळवाण्या बैठका केल्या.

यंदा पदग्रहण चारबागजवळच्या हॉटेलात झालं. आईला मी जवळजवळ ओढूनच नेलं. ती म्हणाली, "मला कशाला? पाय दुखतात." मी म्हटलं, "माझ्यासाठी चल." तुमचे ते जुने मित्र, तुमच्यानंतर प्रांतपाल झालेले, आता काठी घेऊन चालतात, ते माझी ओळख करून द्यायला उठले. आणि अगदी प्रेमाने, बाबा, अगदी प्रेमाने त्यांनी तेच सुरू केलं. "इनकी माता जी हमारे बीच बैठी हैं. उस ज़माने में नादानी हो जाती थी..."

मी उठले. माईक त्यांच्या हातातून घेतला. म्हटलं, "चाचाजी, बैठिए. मेरी माँ ने तीनों बार दवा पिलवाई थी. दवा ही ख़राब निकली. मेरे पिताजी यह जानते थे, और उन्होंने हर सभा में माँ पर इल्ज़ाम रखा." एवढंच.  मागे कुणीतरी टाळी वाजवायला लागलं आणि मध्येच थांबलं. सूत्रसंचालन करणारा मुलगा घाईघाईने म्हणाला, "भोजन की व्यवस्था नीचे है." जेवताना चाचाजी माझ्याजवळ आले. डोळ्यांत पाणी होतं. "बिटिया, आज के दिन उनको झूठा बना दिया." मी म्हटलं, "बनाया नहीं." त्यांनी ताट तसंच ठेवलं आणि निघून गेले. अजून माझा फोन उचलत नाहीत.

गाडीत आई खिडकीबाहेर बघत होती. निशातगंजच्या पुलावर गाडी अडकली तेव्हा म्हणाली, "एवढं मोठ्यानं बोलायला नको होतं." मला वाटलं ती रागावली. मग तिने माझा हात घेतला आणि घर येईपर्यंत सोडला नाही.  मी तुम्हाला सांगते बाबा, इतक्या वर्षांत मला तुमच्यावर जिंकल्यासारखं वाटलं ते त्या पुलावर.

इथे थांबले असते तर बरं झालं असतं. पण मागच्या रविवारी पोलिओचा फेरा होता. अजून होतो, दर वर्षी. रोग गेला असला तरी. सरोजिनी नगरकडे, कानपूर रोडच्या मागे मजुरांची वस्ती आहे, तिथे आमच्या क्लबाचे लोक आणि तिथली आरोग्यसेविका, आशा बहू म्हणतात तिला, घरोघर फिरत होते. मीही गेले. एका घरी दार अर्धं उघडं. आत एक पोर, विशीचीही नसेल, कडेवर बाळ. म्हणाली, "नहीं पिलाना. बगल वाली के बच्चे को बुख़ार आ गया था." आशा बहू समजावत होती, दार हळूहळू लागत होतं. मग त्या पोरीचं लक्ष माझ्या पायाकडे गेलं. तिने कॅलिपरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आपको नहीं पिलाई थी क्या?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आमच्या क्लबाच्या सचिव बाई हॉटेलातल्या कार्यक्रमाला होत्या, त्यांनी मान खाली घातली. मला खरं सांगता आलं असतं. माझ्या वेळी लस गार ठेवायला बर्फ मिळत नसे, आता तसं नाही, आता बाटलीवर खूण असते, बिघडली की कळतं. हे सगळं मला येतं, हा तर माझाच विषय. दार चार बोटं उघडं होतं.

"नहीं," मी म्हटलं. "मेरी माँ को किसी ने मना कर दिया था. उसने सुन लिया."

आणि मी थांबले. तुम्ही थांबायचात तेवढीच. तिने दार उघडलं. बाळाने तोंड वाकडं केलं, दोन थेंब गेले, करंगळीवर खूण झाली.

तुम्ही चुकला नव्हतात असं मी म्हणणार नाही. तुम्हाला विचारता आलं असतं, घरातच होती ती. एकदा स्वयंपाकघरात बसून म्हणाला असतात की हे असं आहे, तुझं नाव जाणार आहे, चालेल का, तर कदाचित ती हो म्हणाली असती. तिला तेवढंही दिलं नाहीत. ते मी विसरणार नाही आणि माफही करणार नाही. पण मीही तिला विचारलेलं नाही. घरी आले तर ती व्हरांड्यात मेथी निवडत होती. म्हणाली, "झालं का सगळं नीट?" मी म्हटलं, "एक दार उघडत नव्हतं." "मग?" "समजावलं." तिने मान डोलावली आणि मेथीची जुडी माझ्यापुढे सरकवली. हे कागद मी आज फाडून टाकणार आहे. तुम्हाला पाठवायची सोय नाही, आणि घरात ठेवले तर आईच्या हाती लागतील. ती अजून चष्मा लावून सगळं वाचते.

फक्त एक राहिलं. ती पोर दार उघडून बाहेर आली तेव्हा मला लाज वाटली असं मी कुणालाही सांगितलं असतं. लाज वाटली, पण ती नंतर, घरी, मेथी निवडताना. त्या दारात, बाबा, मला नुसता आनंद झाला होता.