बाबांचा बाजार मी बंद केला

आई, बाबा तीन आठवडे माझ्याशी धड बोलत नाहीयेत आणि खरं सांगू, मला तुझाच राग येतोय. बारा वर्षांपूर्वी तू सुटलीस आणि हा हट्टी माणूस माझ्या गळ्यात टाकून गेलीस.

तू गेल्यावरही बुधवार-रविवारचा मासळी बाजार त्यांनी सोडला नाही. ब्याऐंशीव्या वर्षी! बांगड्याचा कल्ला उघडून बघायचा, कोळीणमावशीशी भांडायचं, तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या टीचरचेही मासे आणायचे, आणि मग त्यांच्या दारात अर्धा तास गप्पा. मी इथून ओरडतेय, "बाबा, चहाचं पाणी झालं!" ऐकतंय कोण.

गेल्या महिन्यात बाजारात पाय घसरला. मोडलं काही नाही. मावशीने त्यांना स्वतःच्या पाटावर बसवलं, चहा पाजला, धंदा टाकून रिक्षाने घरी आणून सोडलं. आणि मी दारातच तिच्यावर खेकसले, "म्हाताऱ्या माणसाला बोलावता कशाला तिकडे?" ती म्हणाली, "मी कशाला बोलवू गं बाय? तो येतो, दोन शब्द बोलतो, त्याला बरं वाटतं नि मलापण." बाबा मान खाली घालून उभे. दुसऱ्या दिवसापासून मी मासे मोबाईलवरून मागवते, साफ केलेले, डब्यातले.

आता ते गॅलरीत बसून असतात. रविवारी तिरफळं घालून बांगड्याचं तिखलं केलं, अगदी तुझ्यासारखं. ताट सरकवून म्हणाले, "माका भूक नाय." अगं, ऑफिस सांभाळते, डॉक्टरकडे नेते, बाथरूममध्ये धरायला दांडे बसवले, अजून काय करू? जीव काढून देऊ? काल लिफ्टमध्ये टीचर म्हणाल्या, "तुझे बाबा येत नाहीत, मग मीही आपला वरणभात लावते." आणि माझी लेक, तोंडाला काही धरबंध नाही तिच्या, म्हणते, "मम्मी, आजोबा पडून नाही मरणार, बसून मरतील." एक ठेवून देणार होते. पण हात उचलला नाही गं.

कारण तुझं शेवटचं वर्ष आठवलं. विळीवर नारळ खवताना तुझं बोट कापलं, तेव्हा मी विळी उचलून माळ्यावर टाकली. "आता आराम कर," म्हटलं. तू विचारलंस, "मग मी काय करू गं आता?" मी फोनवर होते, उत्तरच दिलं नाही. त्यानंतर तू स्वयंपाकघरात फिरकली नाहीस. मी सगळ्यांना सांगत आले, आई थकली होती. थकली नव्हतीस तू. मीच तुला तिथून उठवलं.

हे सगळं तुला कुठल्या पत्त्यावर पाठवू? उद्या बुधवार आहे. आधी मावशीची माफी मागेन, मग बाबांना म्हणेन, जा. ते निघाले की मीही निघणार, चार पावलं मागून, त्यांना कळू न देता. नुसतं घरात बसून राहणं मला नाही जमायचं गं.