तार तुटली की वाजणारा पियानो

सोमवार, ३ ऑक्टोबर १९८३

अडेलानं आज पुन्हा तोंड फिरवलं! चमचा ओठाला लावला की मान भिंतीकडे. कोंबडीचं सूप, त्यात शेवया, माझ्या हातचं. लहानपणापासून जीव आहे तिचा त्याच्यावर. अर्धं तिच्या गाऊनवर सांडलं, अर्धं माझ्या बाहीवर. वर डाव्या हातानं गादीवर थाप-थाप-थाप. चिडली की असं करते हल्ली. झटका येऊन पाच आठवडे झाले. उजवी बाजू गेली, वाचा गेली, पण हा डावा हात रागावायला शाबूत आहे.

डॉक्टर म्हणाले, "गिळता येतंय त्यांना, व्हर्नाबाई. इच्छाच नाही. असंच चाललं तर नळी घालावी लागेल. आणि नळीवर माणूस फार दिवस काढत नाही." तरणा पोरगा आहे. सगळं फायलीकडे बघून बोलला.

नर्सिंग होममधून घरी आले, पातेलं घासलं आणि रडले. मग चिडले. जन्मभर या धाकट्या बहिणीचंच करत आले मी! आई गेली तेव्हा पंधराची होते. ही बारा वर्षांची पोर, तापानं हृदय धरलेलं, अख्खा हिवाळा अंथरुणात. शाळा कोणी सोडली? मी. पुढे शिकली कोण, मार्शबर्गच्या शाळेत ग्रंथपाल झाली कोण? ती. एकदाही म्हणाली नाही की व्हर्ना, तू केलंस. वाईट वाटतं असलं लिहायला, पण इथे नाही लिहायचं तर कुठे?

बुधवार, ५ ऑक्टोबर

आज एक घडलं! लोरेना नर्स खोली आवरत होती, तिनं रेडिओ लावला. जुन्या गाण्यांचा कार्यक्रम. कोणीतरी पियानो वाजवत होतं, अगदी साधं. आणि अडेलाची डाव्या हाताची बोटं पांघरुणावर हलायला लागली. थाप नव्हे — एकेक बोट वेगळं, सुरात.

"दिसलं का गं तुला?" मी लोरेनाला म्हटलं.

"दिसलं हो बाई! आणि तुम्ही जरा टेका ना त्या खुर्चीत. आल्यापासून खांबासारख्या उभ्या आहात."

बसायला वेळ आहे कोणाला. चादर बदलायची होती.

रविवार, ९ ऑक्टोबर

चर्चहून आल्यावर काही सुचेना. कणसं काढायची यंत्रं रविवारीसुद्धा चालू आहेत, घरभर धूळ. बसल्या बसल्या छत्तीसचा तो हिवाळा आठवत राहिला.

आमचा रेडिओ बॅटरीवरचा. बॅटरी गॅरेजमधून भरून आणावी लागायची आणि रस्ते बर्फानं बंद! म्हणून बाबांचा कायदा — दुपारी फक्त अर्धा तास. आधी हवामान, मग डुकरांचे भाव. भाव ऐकले की बाबा गोठ्यात. मग पंधरा मिनिटं आमची: शिकागोहून टेलिफोनच्या तारेवरून मार्शबर्गच्या रेडिओ स्टेशनात येणारा रोलंड व्हेसचा पियानो. काय बोटं होती त्याची! कढईतल्या लाह्या फुटाव्यात तसे सूर. बायका म्हणे त्याच्या फोटोला पत्रं लिहायच्या.

पण आम्हा दोघींचा लाडका तो नव्हताच. वादळ आलं की शिकागोची तार तुटायची. एकदम शांत. मग मार्शबर्गचा निवेदक घाईघाईनं म्हणायचा, "तार तुटली आहे. जोडेपर्यंत पियानो." बस. कोण वाजवतंय, काय वाजवतंय — काही नाही. अशा वेळेसाठी स्टेशनात एक माणूस बसवूनच ठेवलेला असायचा. तो दर वेळी तीच एक धून धरायचा, सावकाश. जणू पलीकडच्या खोलीत कोणी आपल्याच नादात वाजवतंय. आणि तार जोडली गेली की मधेच, सूर अर्धा असतानाच, तुटायची. शेवट कधी ऐकलाच नाही आम्ही. त्यावरून भांडायचो. अडेला म्हणायची शेवट आनंदाचा आहे, मी म्हणायचे नाही. तार तुटावी म्हणून पोरगी देवाची प्रार्थना करायची! त्या वर्षी तुटायचीही भारी. बाबा वैतागायचे.

तेवढा वेळ मी तिच्या पलंगावर टेकायचे. भांडी तशीच राहायची.

मंगळवार, ११ ऑक्टोबर

वाचनालयातून रोलंड व्हेसची कॅसेट आणली. पूर्ण बाजू लावली. बोटं नाहीत, काही नाही. सूप नाही. थाप-थाप-थाप. वजन आणखी दोन पौंड उतरलं.

तिला काय हवंय ते मला कळलंय. पण त्याची कॅसेट कुठून येणार? भोक बुजवायला वाजवलेलं कोण जपून ठेवतं?

बुधवार, १२ ऑक्टोबर

केलं! रेडिओवरच्या सकाळच्या त्या देवघेवीच्या कार्यक्रमात फोन केला — लोक जुना ट्रॅक्टर नाहीतर मांजरीची पिल्लं द्यायला फोन करतात ना, तोच. निवेदक डेल म्हणाला, "बोला बाई, विकायचंय की हवंय?"

"हवंय," मी म्हटलं. "छत्तीस साली तार तुटली की पियानो वाजवायचा तो माणूस हवाय."

तो म्हणाला, "बाई, वापरलेला चालेल ना?"

हसू आलं मला. पण मग सगळं सांगितलं, अडेलाचंही.

शुक्रवार, १४ ऑक्टोबर

चार फोन. एकाला पियानो खपवायचाय, स्वतः नेणार असाल तर फुकट. एकीला कोंबड्या. शेजारच्या गावची म्हातारी नुसतीच म्हणाली, "मलाही आठवतोय गं तो!" आणि दोघी वीस मिनिटं बोललो. चौथा — मार्लिस सँडविक म्हणून कोणी. म्हणाली, "माझे सासरे असतील ते. जिवंत आहेत. पण बाई, बोटं पार आखडलीत त्यांची."

रविवार, १६ ऑक्टोबर

ऑर्व्हिल सँडविक. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. आज फोनवर आले. मी म्हटलं, मी व्हर्ना क्रोल, त्या वेळी वेलकॉट गावाच्या उत्तरेला आमचं शेत होतं—

मधेच म्हणाले, "व्हर्ना क्रोल? तुला बसायला मिळतं का गं आता?"

मला काही कळेना. म्हातारा भ्रमिष्ट दिसतोय, म्हटलं. तरी येतो म्हणाले. शनिवारी.

शनिवार, २२ ऑक्टोबर

सगळं लिहून ठेवते.

नर्सिंग होमच्या जेवणघरातला पियानो. अडेलाला चाकाच्या खुर्चीत घालून आणलं. ऑर्व्हिल मार्लिसच्या हाताला धरून आले. उंच, वाकलेले, कोट झटकून इस्त्री केलेला. बोटं आल्याच्या गाठींसारखी. अडेलासमोर वाकून तिचा डावा हात हातात घेतला. "तूच का ती? सांगू का गं आता हिला?" मानेनं माझ्याकडे खूण करून तिला म्हणाले. अडेलानं डोळे मिटून उघडले, हो म्हणायची तिची खूण. मी म्हटलं, "काय सांगायचंय?" तर म्हणे, "आधी वाजवू दे. घरी पत्र्याच्या पेटीत शोधावं लागेल ते."

आणि वाजवलं. तीच धून! पहिल्या चार सुरांतच मी त्या स्वयंपाकघरात होते, पिठाचे हात, खिडकीवर बर्फ. दोन सूर चुकले, एक लागलाच नाही. अडेलाची बोटं खुर्चीच्या हातावर बरोबर चालत होती.

पण थांबेचनात! पुन्हा तेच, पुन्हा वळून तेच. कपाळावर घाम. मार्लिस म्हणाली, "बाबा, पुरे आता." तर न थांबता म्हणाले, "दिवा लागल्याशिवाय कसा थांबू, पोरी?" मला वाटलं थट्टा. मग लक्षात आलं — शेवट नाहीच त्या धुनेला! स्टुडिओत लाल दिवा लागला म्हणजे तार जोडली गेली, की हे हात उचलायचे, मार्लिस म्हणाली. शेवट करायची वेळच कधी आली नव्हती. आम्ही दोघी सत्तेचाळीस वर्षं कशावरून भांडलो!

मी धावत जाऊन कोपऱ्यातला टेबलाचा दिवा लावला. सूर अर्धा असतानाच त्यांनी हात उचलून मांडीवर ठेवले.

आणि अडेला हसली. आवाज काढून हसली! लोरेना ताट टाकून धावत आली.

इथवर सगळं सोन्यासारखं. मग मी सफरचंदाची गोड पाई आणली, चमचा पुढे केला — मान भिंतीकडे. थाप-थाप-थाप. ऑर्व्हिल म्हणाले, "दे इकडे." खुर्ची ओढली, तिच्या बाजूला बसले, चमचा धरला. खाल्लं! चार चमचे! परक्या माणसाच्या हातून!

मी गाडीत येऊन बसले. आनंदानं रडायचं होतं, पण ते तसं झालं नाही. माझ्या हातचं नको तिला, इतकंच डोक्यात.

सोमवार, २४ ऑक्टोबर

सूप नेलं. नाही. थाप-थाप. लोरेनानं नंतर पलंगावर टेकून दोन चमचे भरवले म्हणे. मला सांगताना तिलाच ओशाळल्यासारखं झालं. डॉक्टरांनी नळीचा कागद शुक्रवारपर्यंत सही करून मागितलाय.

बुधवार, २६ ऑक्टोबर

आज गेलेच नाही. पहिल्यांदाच. खोटं कशाला लिहू — रुसून गेले नाही.

गुरुवार, २७ ऑक्टोबर

ऑर्व्हिलचं पाकीट आलं. आत त्यांची चिठ्ठी: "त्या हिवाळ्यात तार अकरा वेळा तुटली. त्यातल्या सात वेळा मी आणि इंजिनिअरनं मुद्दाम काढली होती. कारण सोबत आहे. सांगू नका म्हणून लिहिलं होतं, म्हणून आजवर गप्प राहिलो. परवा तिची परवानगी घेतली."

सोबत वहीचा पिवळा पडलेला कागद. अडेलाचं अक्षर.

"महाशय, तार तुटली की पियानो वाजवता ते तुम्हीच का? आमची आई वारली. मी आजारी आहे म्हणून माझी थोरली बहीण व्हर्ना हिनं शाळा सोडली. ती पहाटेपासून उभी असते. मला भरवतेसुद्धा उभ्यानं. मी रोज गादीवर थापटून ये बस म्हणते, पण काम आहे म्हणते. फक्त तुम्ही वाजवायला लागलात की बसते. म्हणून कृपा करून तार जास्त वेळा तुटू द्या. माझ्यासाठी नको, मी बरी आहे. अडेला क्रोल, वय बारा. ता. क. तिला सांगू नका, ती रडेल."

गादीवर थापटून.

सूप गरम करायला ठेवलंय. आत्ताच निघते. आधी तिच्याशेजारी बसणार आहे.