तेल गरम नव्हतं

माय,

काल नातीला घेऊन जालन्याला कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले होते. पोरीला सर्दी कायमचीच, आणि दिवाळीपासून हाक मारली तर वळायची न्हाई. सून म्हणायची, "सगळं ऐकू येतं तिला, नखरे आहेत." मंग एक दिवस मी तिच्या पाठीमागं उभी राहून हळूच म्हटलं, "गूळ खाती का?" तू माझ्या पाठीमागं उभी राहून म्हणायचीस, बराबर तसंच. ती वळली नाही. गुळाला न वळणारं लेकरू नखरे करत नसतं. म्हटलं चल, एसटीला अर्धं तिकीट आहे, दाखवून तरी येऊ.

तिथं एक छोटी मशीन होती. बाईंनी पोरीच्या कानात रबराचं मऊ बोंड बसवलं आणि मला समजावलं, की पडद्यामागं हवेची एक खोली असते, नाकामागून बारीक नळी तिला हवा पुरवते. मशीन बाहेरून हवेचा दाब कमीजास्त करते आणि पडदा किती हलतो ते बघते. चांगल्या कानाचा कागदावर डोंगर उमटतो. पोरीची रेघ सपाट आली. नळी बंद, आत पाणी साचलेलं. "बहुतेक लेकरांचं आपोआप ओसरतं, तीन महिन्यांनी पुन्हा बघू," बाई म्हणाल्या, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात पोरगी म्हणते, "आज्जीचाबी डोंगर काढा!" बाई हसल्या, मी खुर्चीत बसले. उजव्या कानाचा डोंगर आला. डावीकडं बाई थांबल्या. "आजी, हवा पडद्याशी थांबतच नाही, आतल्या खोलीत जाते. पडद्याला छिद्र आहे. जुनं दिसतंय."

जुनंच ते. वडीगोद्रीचं आपलं स्वयंपाकघर. मी तापानं फणफणलेली, दोन दिवस कान धरून रडतेय. तू चुलीवर पळीत करडईचं तेल तापवतेस, लसणाची पाकळी टाकतेस, ते निवू देतेस. आधी थेंब आपल्या मनगटावर घेतेस, मंग माझं डोकं मांडीवर घेऊन कानात सोडतेस. थोड्या वेळानं कानातून रक्त मिसळलेला पू तुझ्या लुगड्यावर येतो. माझं रडणं थांबतं आणि आजीचं, तुझ्या सासूचं, तोंड सुरू होतं. "उकळतं तेल ओतलं गं बया! लेकीचा कान जाळला हिनं. आता ह्या बहिरीला कोण करून घेतंय?" तुझ्या मनगटाला विचारायचं सोडून सगळ्यांनी आजीचं ऐकलं. तूसुद्धा. देवापुढं हात जोडून तू गोड सोडलंस, पोरीला त्या कानानं ऐकू येईल तवाच खाईन म्हणालीस. माझ्या लग्नातल्या पोळ्या तूच लाटल्यास, पण घास तोंडाला लावला नाहीस. भजनात कायम माझ्या डाव्या अंगाला बसायचीस, तिकडून कुणी बोललं की कोपरानं ढोसायचीस. तू गेलीस तेव्हा दहाव्याच्या पानात गोड वाढायचं का न्हाई, यावर आम्ही भावंडं अडून बसलो होतो.

हे सगळं मी बाईंना सांगितलं आणि विचारलं, "तेलानंच फुटला ना हो पडदा?"

"आधी दुखणं का आधी तेल?"

"दुखणं. दोन दिवसांपासून."

"कान भाजला होता? फोड आले होते?"

"न्हाई."

"पू आला आणि दुखणं थांबलं?"

"एकदम थांबलं."

"मग तुमच्या आईचा काही दोष नाही. आत पू साचला, त्याच्या दाबानं पडदा आतून फुटला. तेल घातलं नसतं तरी फुटलाच असता. पण म्हणून आता हिच्या कानात तेल घालू नका, काय?"

घालणार न्हाई. येताना पोरगी खिडकीशी झोपली आणि मी अख्ख्या रस्त्यानं तुझ्याशी बोलत आले. आज पाठकोऱ्या कागदावर लिहितेय, कारण हे घरात कुणाला सांगावं? आजीला ओळखणारंसुद्धा आता कुणी उरलं न्हाई. आणि तुझ्याकडं टपाल जात न्हाई.

एक मात्र तुला सांगते. तुझा दोष न्हाई म्हणाल्या तेव्हा बाई माझ्या उजव्या बाजूला बसल्या होत्या. त्यांचा शब्द न्‌ शब्द मला ऐकू आला होता. तरी मी कानामागं हात धरला आणि म्हणाले, "काय म्हणालात बाई? परत एकदा सांगा."