अम्मीच्या मापाचा पट्टा

अब्बा,

आपली फियाट पास करणाऱ्या आरटीओच्या साहेबानं खोटी सही ठोकलीय. त्यानं हॉर्न वाजवला, चहा घेतला, पण सीटच्या पट्ट्याला हातसुद्धा लावला नाही. मी आज सकाळी नुसता ओढला, तर पट्टा बोल्टासकट हातात आला. खालचा पत्रा गंजून पापड झालाय.

म्हणून गाडी घेऊन मी बारामतीला चाललेय. फिटर खालून जाड पत्रा वेल्डिंग करून नवे पट्टे बसवणार आहे, खांद्यावरून येणारे, मागच्या सीटलासुद्धा. जुन्या गाडीची शोभा गेली म्हणून ओरडू नका. अम्मीलाही सोबत नेतेय. पट्टा तिच्या मापाला बसतो का, ते बघायचंय.

शेजारच्या सीटवर डाळिंबाचं कॅरेट असलं, की फळाला डाग पडू नये म्हणून तुम्ही त्याला आठवणीनं पट्टा बांधता. अम्मी बसली, की म्हणता, "कशाला? हे काय विमान हाय?" निरवांगीच्या वळणावर तिचं कपाळ काचेवर आपटलं आणि पाहुण्यांत तुम्ही सांगितलंत, उंबऱ्याला अडखळून पडली. तेव्हापासून ती मागंच बसते.

भाकरी टोपलीत आहे, कालवण तुमचं तुम्ही गरम करा. शुक्रवारी लग्नाला जायचंय, त्याआधी गाडी दारात उभी असेल, पण चावी माझ्याकडं राहील. याच कागदाच्या मागं लिहून ठेवा, व्हय की न्हाय: अम्मीला पुढं बसवून तिचा पट्टा तुम्ही स्वतःच्या हातानं लावणार का?

सलिमा