गप्प झालेलं इंजिन

दि. ४ नोव्हेंबर

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

कळवायला आनंद वाटतो, की जुन्या गाडीच्या इंजिनाची टकटक अखेर थांबली. हसू नकोस. चाळीस वर्षं झडपा हलवणाऱ्या त्या टॅपेटांनी माझं डोकं खाल्लं. दर रविवारी झाकण काढायचं, पातळ पट्टीने फट मोजायची, स्क्रू जरासा फिरवायचा. दोन दिवस ठीक, की पुन्हा टकटक. गेले काही महिने मात्र इंजिन चालू आहे की नाही, हे हात ठेवून बघावं लागतं.

ऐकायला कोणी उरलं नाही, एवढंच. आम्ही रविवारचे सहाजण होतो. दातांच्या डॉक्टरांचे हात थरथरतात. त्यांची हत्यारं पुतण्याने माळ्यावर टाकली. मास्तर मुलीकडे राहायला गेले. दोघे तर गेलेच. घड्याळजी तेवढे शेडमध्ये येतात, स्टुलावर बसून चहा पितात. मी म्हटलं, बघा कसं गप्प झालंय, तर म्हणाले, हो, अगदी गप्प. हाच माणूस पूर्वी एका नटवरून तासभर भांडायचा.

तू ये. लग्नाआधी बॉनेटखाली डोकं घालून काळी होऊन घरात शिरायचीस. तुझ्यासारखा कान कोणाचाच नाही. फोन मात्र करू नकोस, हल्ली लाइन फार खराब असते.

लोभ आहेच, तो गंजू देऊ नये.
तुझा,
दादा

दि. १९ नोव्हेंबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी खूश झाले, पण गुडघ्यांनी प्रवासाला साफ नकार दिला. म्हणून परवाच्या रविवारी वहिनीला फोन केला. तिने तो शेडच्या खिडकीत धरला. तू इंजिनावर वाकला होतास, तुला पत्ताही नव्हता.

दादा, टकटक थांबलेली नाही. उलट वाढली आहे. मला फोनवर ऐकू आली, वहिनीला स्वयंपाकघरात येते. दारावरची बेलही तुला ऐकू येत नाही म्हणे. तिच्यावर डाफरू नकोस, मीच खोदून खोदून विचारलं.

लिहू की नको, असं दोन दिवस चाललं होतं. तू सुखात होतास. पण असंच चालवत राहिलास तर इंजिन खिळखिळं होईल, आणि मग तू मला माफ करणार नाहीस. कान तपासून घे. शेड मात्र बंद करू नकोस. मी अजून रविवारी सकाळी हातांना ग्रीसचा वास येतो का बघते. येत नाही, आणि वाईट वाटतं.

रागावलास तरी लोभ उणा होऊ देऊ नये, ही विनंती.
तुझी,
धाकटी

दि. १४ डिसेंबर

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

आठ दिवस तुझ्यावर रागावलो, मग तुझ्या वहिनीवर. मग कानाच्या डॉक्टरकडे गेलो. त्याने यंत्र दिलं आहे. माणसांचं बोलणं कळतं, पण इंजिन म्हणजे पत्र्यावर वाळू ओतल्यासारखं; त्यातून टकटक काही वेगळी निघत नाही. शेडला कुलूप घालायचं ठरवलं.

घड्याळजींना तसं सांगितलं, तेव्हा त्यांनी कबूल केलं. त्यांना इतके महिने टकटक ऐकू येत होती. बोलले नाहीत, कारण शेड बंद झाली तर रविवारी जायचं कुठे, असं म्हणाले. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. त्यांची अडचण अशी, की त्यांना फट आणि पट्टी दिसत नाही. डोळ्यांपायीच तर घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद केलं त्यांनी.

कुलूप राहिलं बाजूला. परवा त्यांनी माझा डावा हात धरला आणि टॅपेट वाजेल तसं बोटाने माझ्या तळहातावर वाजवू लागले. उजव्या हाताने मी स्क्रू फिरवत होतो. त्यांचं बोट थांबलं, की मी थांबायचो. एकट्याचं अर्ध्या तासाचं काम, आम्हा दोन म्हाताऱ्यांना अख्खी सकाळ पुरली नाही. मध्ये एका नटवरून भांडलोही, अगदी झकास भांडलो.

धाकटे, ज्या आवाजाला जन्मभर शिव्या घातल्या, तो एकदा तरी कानाने ऐकावा, असं फार वाटतं. आठांपैकी सात टॅपेट नीट झाले. आठव्याशी आलो तेव्हा घड्याळजींचं बोट माझ्या हातावर वाजतच राहिलं, आणि पुढच्या रविवारपर्यंत तो तसाच वाजू दे, म्हणून मी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

गुडघे राजी झाले की ये. तोवर लोभ असाच चालू ठेवावा.
तुझा,
दादा