तुसाचं अर्धं पोतं

मु. करंजपाडा, ता. मुरबाड
१२ मे

ती. अंजूताईस,

धाकट्या जगनचा वाकून नमस्कार. दाजींचा गुडघा आता जिना चढू देतो का, आणि कसाऱ्याला पाणी रोज येतं की अजून एक दिवसाआड, ते कळव. इकडे मी आणि वंदना बरे आहोत. आईचं काय ते सांगायलाच हे पत्र. फोन केला असता, पण आपल्या घरात रेंज फक्त ओसरीच्या डाव्या खांबाशी येते, आणि नेमकी तिथंच तू शहापूरहून पाठवलेली नर्सबाई बसलेली असते. (नेमकी तिथंच का, याचा विचार तूही कर.)

आधी नोंद म्हणून लिहितो, की आईचं कंबरेचं हाड मोडल्यापासून मी तिच्यासाठी स्वतःच्या हातानं काय काय केलं. लोखंडी पाइपाचा वॉकर, उंची साडेबत्तीस इंच, कारण बाजारातला साडेतेहेतीसचा होता आणि आई साडेतेहेतीसची नाही. खाटेपासून मोरीपर्यंत भिंतीला कठडा. पायानं चालू होणारा नळ. ताट पुढं सरकवणारी फळी. दोरी ओढली की वाजणारी घंटा, आणि ती दिवसातून कोणत्या वेळी किती वेळा वाजली हे मोजायला जुन्या टेपरेकॉर्डरमधला आकड्यांचा काटा, गजराच्या घड्याळाला जोडलेला. सगळ्यात शेवटी उठती खुर्ची. बसलेल्या माणसाला गाडीच्या जॅकच्या जोरावर ती आपोआप उभं करते. हे सगळं आयटीआयची पायरी न चढता, तुला माहीतच आहे.

एवढं करून आई काय करायची, तर भिंतीकडे तोंड करून पडायची. सात महिने धड वाक्य नाही, अर्धी भाकरी खाल्ली तर खाल्ली. मला वाटलं, वयानं विसरायला लागली. शहापूरच्या डॉक्टरनं तिला वार, महिना, नातवंडांची नावं विचारली, तिनं सगळी बरोबर सांगितली (वर डॉक्टरलाच सांगितलं की कॅलेंडरचं पान उलटायचं राहिलंय). तो म्हणाला, विसरण्याचा आजार नाही, उदासीचा आहे. म्हाताऱ्या माणसांत पुष्कळ असतो आणि घरचे त्याला वय समजून बसतात. गोळ्या दिल्या आणि म्हणाला, यांना कामात ठेवा. मी म्हटलं, डॉक्टरसाहेब, घरात काम म्हणून काही शिल्लकच ठेवलेलं नाही. हे मी अभिमानानं सांगितलं होतं.

मग तू या नर्सबाईला, रंजिताला, दोन महिन्यांसाठी पाठवलंस. तिची मुदत १५ तारखेला संपते आणि ठेवायची की काढायची हे तू ठरवणार आहेस. म्हणून पुरावे देतो. मी दिवसभर मुरबाडला दुकानात वेल्डिंग करत असतो, वंदना अंगणवाडीत, आणि मागं घरात काय चालतं याला साक्षीदार नाही. पण माझ्या वस्तू खोटं बोलत नाहीत.

पहिला पुरावा वॉकर. त्याच्या पायांना मी रबरी बूच बसवलेत. रंजिता म्हणते, आईला रोज अर्धा तास चालवते. मी केसाएवढी जाडी मोजणारा व्हर्नियर लावून बघितलं. पंधरा दिवसांत बूच केसाएवढंही झिजलेलं नाही. दुसरा पुरावा घंटा. दुपारी दोन ते पाच, सलग अकरा दिवस, काटा शून्य. म्हणजे एक तर आईला तीन तास काही लागत नाही, किंवा आई खाटेवर नाही. तिसरा पुरावा आईची नखं. आत काळी माती. आणि चौथा सगळ्यात वाईट. मागच्या पडवीत भाताच्या तुसाचं पोतं होतं, गळ्यापर्यंत भरलेलं, ते अर्ध्यावर आलं. ताई, तांदूळ चोरणारी बाई मी समजू शकतो. तूस चोरणारी बाई साधी असणार नाही.

वर आई अचानक दोन-दोन भाकऱ्या खायला लागली. मला वाटलं, गोळीचा डोस चुकला. म्हणून गोळ्या मोजल्या, पाकिटावरच्या तारखेशी ताडून बघितल्या. बरोबर निघाल्या, त्यानं माझा संशय आणखी वाढला. इतका चोख हिशेब कोण ठेवतं? मी सोडून?

गेल्या मंगळवारी दुकानाला अर्धा दिवस कुलूप लावलं, एसटीनं न येता जीपनं आलो (एसटी आपल्या दारासमोर थांबते, जीप फाट्यावर), आणि शेजारच्या लहानीकाकीच्या अंगणातल्या पेंढ्याच्या उडवीमागे उभा राहिलो. बरोबर सव्वादोनला दोघी निघाल्या. वॉकर नाही. आईचा एक हात रंजिताच्या खांद्यावर, दुसऱ्या हातात जंगलातली तोडलेली काठी, सालसुद्धा न काढलेली. माझा साडेबत्तीस इंची वॉकर घरी, आणि ही काठी मोजायचीसुद्धा कोणी तसदी घेतलेली नाही.

काकीच्या ओट्याशी खुर्ची टाकून आईला बसवलं. ओट्यावर मळलेली माती, शेण आणि आपलं तूस. आईनं बाह्या सरकवल्या आणि कोपरापर्यंत हात घालून चूल घडवायला लागली. कडेला आधीच्या सहा चुली वाळत होत्या. पावसाआधी बायका चुली करून ठेवतात आणि एके काळी आपल्या पाड्यातली निम्मी घरं आईच्या चुलीवर जेवायची, हे तू विसरली नसशील. मी विसरलो होतो. आपल्या घरातली तिची चूल मीच पहारीनं फोडली, धूर होतो म्हणून, आणि गॅसचा ओटा बांधला. (ओटा उत्तम आहे.)

आणि आई बोलत होती ताई. बोलत होती म्हणजे रंजिताला झापत होती. "अगो, चुलीचा कान असा लिंपतात? भांडं ठेवलंस का डाळ सगळी निखाऱ्यावर. शिकलेली ना तू?" आणि ही बाई, जिची फी आपण देतो, चिखलानं माखून खाली मान घालून ऐकत होती. सात महिन्यांत घरात तोंड न उघडलेली आई. मला तिथंच एकदम काहीतरी झालं, बहुतेक पेंढ्याची धूळ नाकात गेली, आणि शिंक आली.

आईनं मान वळवली नाही. म्हणाली, "जगन्या, भायेर ये. उडवी हालतेय."

बाहेर आलो. पहिला प्रश्न रंजिताला केला, की हे चोरून कशासाठी? ती म्हणाली, आजींनी शपथ घातली होती. आईला विचारलं, मला का नाय सांगितलं? आईनं चुलीच्या कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "तुला सांगतलं आसतं तर तू चुली पाडायचं मशीन काढलं आसतंस."

यावर लहानीकाकी इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. मला हसण्यासारखं त्यात काही दिसलं नाही. तुझ्यापासून लपवत नाही, उडवीमागे उभा असताना साच्याचं माप माझ्या डोक्यात येऊन गेलं होतं. सोळा बाय अकरा.

खिशात सपाटी बघायची लेव्हल होती. वाळलेल्या चुलीवर ठेवून बघितली, आडवी आणि उभी. बुडबुडा मधोमध. दुसरीवर ठेवली, मधोमध. सहाही चुलींवर ठेवली. तिच्यापाशी पट्टीसुद्धा नव्हती.

असो. पुरावे सगळे लिहिलेत. तुसाचं अर्धं पोतं आपल्या परवानगीशिवाय गेलं ही गोष्ट खरी आहे आणि रंजितानं पंधरा दिवस वॉकरबद्दल खोटं सांगितलं हीसुद्धा. ती डाव्या खांबाशी का बसते याचा अजून पूर्ण उलगडा नाही (ती म्हणते, तुला रोज आईचं जेवणखाण कळवते; हे खरं का, ते कळव). तेव्हा काय तो निर्णय तू घे.

तुझा भाऊ,
जगन

ता. क. गेल्या आठवड्याच्या पत्रात मी तिला ताबडतोब काढ असं लिहिलं होतं. ते पत्र फाड. दाजींना दाखवलं असशील तर त्यांनाही सांग. १५ तारखेनंतर तिला शहापूरला दुसऱ्या घरचं काम आलंय. तू तिला फोन करून, जणू तुझ्याच मनात आलं अशा बेतानं, दिवाळीपर्यंत थांबवून घे. मी सांगितलं तर ती थांबेल, पण मी सांगितलं हे आईला कळेल.

आणखी ता. क. आईनं परवा सात महिन्यांत पहिल्यांदा माझ्याकडे काही मागितलं. कंबर न वाकवता, बसल्या बसल्या चूल वर ठेवून घडवायला घोडा, चार पायांचा. फिरता करू का विचारलं. नको म्हणाली. घरात काय, दुकानात काय, तेवढा जाड पाइप उठत्या खुर्चीचाच होता, ती दुकानात नेऊन तिचाच केला. आईनं हात टेकवून बघितलं आणि म्हणाली, "येक पाय आखूड हाय." मी मोजलं. एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, आखूड होता.

शेवटचं. खुर्ची सोडवत होतो, चारच नट निघाले होते, तेवढ्यात कल्याण रस्त्यावर वृद्धांसाठी केंद्र काढणारे एक गृहस्थ दुकानात आले. खुर्चीचा फोटो त्यांनी कुठंतरी बघितला होता. म्हणाले, हाच नमुना द्या आणि अशा बारा करून द्या. खुर्ची उत्तम आहे, त्यांना ते कळलं, याचं बरं वाटलं. मी विचारलं, उठून उभं राहिल्यावर तुमची माणसं तिथं करणार काय? म्हणाले, परत बसतील. मी नाही म्हटलं आणि पाचवा नट काढला. ते एका खुर्चीचे साडेनऊ हजार देत होते, बारांचे एक लाख चौदा हजार.