सम्राटाचं पत्र वाचून दाखवणारा

सिंदी (रेल्वे),
२७ जुलै

प्रिय लीला,

तुझं पिपरी मेघे इथून पाऊण तासाच्या गाडीवर, फोन तर हातातच असतो. तरी मी पोस्टाचं पाकीट विकत आणलं, यावरूनच तू ओळखलं असशील की काहीतरी भानगड आहे. फोनवर तू मला मध्येच हसवतेस आणि सांगायचं ते राहून जातं. अठ्ठावीस वर्षं असंच राहून गेलं. तेव्हा या खेपेला तू गप्प बसायचं आणि मी बोलायचं. दोन गोष्टी आहेत. एक तुझ्या माहेरची, ती दगडात कोरली जाणार आहे. दुसरी माझी, ती शेवटी सांगीन, आणि ती वाचून मला दिवाळीच्या फराळाला बोलवायचं की नाही ते तू ठरव. पण आधी शेवटचं पान बघू नकोस. परीक्षेत प्रश्नपत्रिका उलटी धरून शेवटचा प्रश्न पहिल्यांदा वाचायची तुझी खोड मला माहीत आहे.

तुझा धाकटा भाऊ धीरज मे महिन्यात युरोपला जाऊन आला. तेरा दिवस, नऊ देश, चिवड्याचे चार डबे. रोममध्ये बस वीस मिनिटं थांबली, तेवढ्यात त्याला एक भिंत दिसली, वरपासून खालपर्यंत अक्षरांनी भरलेली. गाइडनं सांगितलं, ऑगस्टस नावाच्या सम्राटानं आपण आयुष्यात काय काय केलं याची यादी स्वतःच लिहून ठेवली होती, समाधीसमोर लावायला, ती ही. धीरजनं फोटो काढला, शेजारच्या दुकानातून इंग्रजी पुस्तिका घेतली आणि शाळा उघडल्यावर तिसऱ्याच दिवशी येऊन माझ्या टेबलावर ठेवली. "मॅडम, बाबूजीचं असंच करून राह्यलो आपण. शाळेच्या गेटापाशी, काळा ग्रॅनाइट, सहा बाय चार. मराठी तं कोनीबी लिवते. तुमी संस्कृत टाका. राजा वाटला पाह्यजे." अनावरण पंधरा ऑगस्टला, झेंडा झाल्यावर.

मी नाही म्हणायला हवं होतं. पण संस्कृतच्या मास्तरणीकडे लोक येतात ते बारशाचं नाव मागायला, तेही 'य'वरून आणि मॉडर्न. कुणीतरी श्लोक मागितले म्हणून मी मोहरले. आठ अनुष्टुभ रचले. शिवाय न्यायानं बोलायचं तर भैय्याजींनी, म्हणजे तुझ्या वडिलांनी, शाळा बांधली नसती तर सिंदीच्या मुली सातवीनंतर भाकरी थापत बसल्या असत्या. तू आणि मी धरून. हे खरं आहे आणि खरंच राहील. मग नमुना कसा असतो ते बघावं म्हणून ती पुस्तिका उघडली, आणि लीला, मला किळस यायला लागली.

पहिलंच वाक्य असं, की एकोणिसाव्या वर्षी मी माझ्या हिमतीवर, माझ्या खर्चानं सैन्य उभं केलं. खोटं नाही. पुढे दोन भागीदार घेऊन बसला, मारायच्या माणसांच्या याद्या केल्या आणि चौकात लावल्या, हे मात्र भिंतीवर नाही. ज्या म्हाताऱ्या वक्त्यानं त्याला पोरगा असताना हात देऊन वर काढलं, त्याचं नाव यादीत जाऊ दिलं. त्याचं मुंडकं आणि लिहिता हात भाषणाच्या चौथऱ्यावर टांगले. तेही नाही. आहे काय, तर किती देवळं दुरुस्त केली, किती वेळा खेळ भरवले. लोकांच्या करमणुकीसाठी दहा हजार माणसं लढवली, साडेतीन हजार जनावरं मारली. आपल्याकडे पंगतीत किती पानं उठली ते सांगतात ना, तसं सांगतो. आणि शत्रूंपैकी एकाचंही नाव नाही. 'ज्यांनी माझ्या वडिलांना मारलं ते.' 'ज्याच्याशी माझं युद्ध झालं तो.' नाव लिहिलं की माणूस उरतो, हे त्याला पक्कं ठाऊक. एवढं करून जगात त्याची ख्याती काय, तर शांतता आणणारा राजा. वर्षातला एक महिना त्याच्या नावावर आहे. आपण झेंडा त्याच महिन्यात लावतो, आणि भैय्याजींचा दगडही त्याच महिन्यात उघडणार.

नावं गाळण्यावरून तुझ्या कपाटातलं वर्तमानपत्राचं ते कात्रण आठवलं. पाहुणे आले की तुझा नवरा नागसेन ते काढतोच. "आमची कन्या लीला हिने कुलपरंपरेस बाधा आणून एका इसमाशी विवाह केला असल्याने, आजपासून तिचा व आमच्या कुटुंबाचा कसलाही संबंध उरलेला नाही." मग चष्मा पुसत म्हणतो, "इंजिनीअर नंतर झालो, साहेब त्याच्याही नंतर. पह्यली पदवी इसम." सगळे हसतात. आणि तू दर वेळी तेच म्हणतेस, की मराठी मात्र काय सुरेख आहे, हे बाबूजींचं काम नव्हे, वकिलानं लिहिलं असणार. मी त्या वेळी चहा पीत असते.

पुस्तिकेत जे नव्हतं ते मी ग्रंथालयातल्या जाड पुस्तकांत शोधलं. या सम्राटाला पोटचं मूल एकच, मुलगी, ज्युलिया. तिची तीन लग्नं त्यानं लावली, तिन्ही राज्याच्या सोयीची. तिसऱ्याशी पटेना, तेव्हा ती आपल्या मनानं जगायला लागली. बापानं तर तोवर सदाचाराचे कायदे करून ठेवलेले. तिला एवढ्याशा बेटावर पाठवलं. वाइन बंद. भेटायला येणाऱ्या पुरुषाचा रंग कोणता, उंची किती, अंगावर खुणा काय, हे आधी त्याला कळवायचं. पाच वर्षांनी बेटावरून किनाऱ्यावर येऊ दिलं, त्याच्यापुढे नाही. लोक म्हणाले, पोरीला घरी आणा. तर हा भर सभेत म्हणाला, तुम्हालाही अशाच मुली आणि अशाच बायका मिळोत. घरातल्या नकोशा तिघांना तो 'माझी गळवं' म्हणायचा. मेल्यावरही माझ्या समाधीत तिला जागा नाही, असं सांगून गेला. आणि जनावरांचा आकडा असलेल्या त्या भिंतीवर मुलीचा उल्लेख नाही. पुस्तक मिटलं तरी तोंडाची चव कडूच राहिली. बेटाला समुद्र लागतोच असं नाही, पॅसेंजर गाडीची तीन-चार स्टेशनं पुरतात.

एवढं वाचूनही मी गेल्या रविवारी श्लोक घेऊन तुझ्या माहेरी गेले. किळस येणं आणि उठून जाणं यांत फार अंतर असतं. भैय्याजी आता अठ्ठ्याऐंशीचे, दिवाणावर तक्क्याला टेकून असतात. मला पाहिल्यावर त्यांनी आरसा मागवला, धीरजकडून केस नीट करून घेतले आणि म्हणाले, वाच. त्या सम्राटानंही मरायच्या दिवशी आरसा मागितला होता, केस विंचरून घेतले होते आणि मित्रांना विचारलं होतं, नाटकातलं माझं काम बरं वठलं ना, मग टाळ्या वाजवा. भैय्याजींनी ते कुठे वाचलेलं नाही. ही माणसं एकमेकांची नक्कल न करताच सारखी वागतात.

श्लोक म्हणायचा, मग अर्थ सांगायचा, असं चाललं होतं. सहाव्यात मी त्यांना दोन चाकांनी शोभणाऱ्या रथासारखा, दोन पुत्रांचा पिता म्हटलं होतं. प्रफुल आणि धीरज. तिथं त्यांनी हात वर केला. "लेकरं किती लिवले?" मी म्हटलं, दोन. "बराबर हाये."

लीला, मला आजवर वाटायचं, वय झालं, विसरले असतील. नाही विसरले. मोजून पाहिलं त्यांनी.

तुझी आई दाराशी गवारीच्या शेंगा मोडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "मले तीन झाले. तुमचे किती झाले ते तुमी पाहा." धीरज लगेच, "माय, तू काऊन मंधात बोलून राह्यली? दगडात जागा किती हाये, मालूम हाये का?" त्यावर तुझी आई शेंगेचा देठ तोडत म्हणते, "रथाले बैल लागते म्हना. तो लिवला का? का तोबी जागेत नाई बसला?" मला हसू आलं आणि त्याच क्षणी लक्षात आलं, की आठ श्लोकांत मी तुझ्या आईलाही कुठं लिहिलेलं नाही. भैय्याजी म्हणाले, "नंदिनी, पुढचं वाच." आणि मी पुढचं वाचलं. सातवा, आठवा. उच्चार अगदी शुद्ध. पाठांतराच्या स्पर्धेत मला बक्षिसं मिळायची आणि तू टाळ्या वाजवायचीस, तसे.

फाटकापर्यंत तुझी आई माझ्यासोबत आली. गुडघ्यांमुळे हल्ली ती अंगणही ओलांडत नाही. म्हणाली, "तिले लिवजो. येजो म्हनून नको लिवू, कायले येते ती इथं. फक्त एवढं लिव का मायनं तीन मोजले." हातात गवारीची एक मूठ राहिली होती, ती तशीच माझ्या पिशवीत टाकली. मी त्या शेंगांची भाजी केली नाही. करवेना.

दुसऱ्या दिवशी मी धीरजकडून कागद परत घेतला. त्यानं विचारलं, "मॅडम, आमचं काई चुकलं का?" मी म्हटलं, वृत्त चुकलं आहे. एवढंही खरं बोलता आलं नाही. बिघडलं काही नाही. नागपूरचे एक निवृत्त पंडित मिळाले, त्यांनी दोन दिवसांत श्लोक पाठवले, म्हणे माझ्यापेक्षा जास्त आहेत. स्तुतीला आपल्याकडे कारागीर कमी पडत नाहीत. दगड उभा राहील, त्यावर दोनच अपत्यं असतील, आणि मुली शाळेत येता-जाता तो वाचतील. पण एक सांगू? त्या सम्राटाचे ब्राँझचे मूळ खांब कधीच नाहीसे झाले. मजकूर टिकला तो दूर तुर्कस्तानातल्या एका देवळाच्या भिंतीवर त्याची नक्कल होती म्हणून. समाधीत पुढे बैलांच्या झुंजी झाल्या, मग गाण्याच्या बैठका. आणि जी मुलगी भिंतीवर नव्हती, ती मला दोन हजार वर्षांनी सिंदीच्या ग्रंथालयात सापडली.

आता माझी गोष्ट. मुलीला हाकलायची वेळ आली तेव्हा तो सम्राट सभेत गेलाच नाही. लाज वाटली म्हणे. त्यानं सगळं लिहून काढलं आणि एका तरुण अधिकाऱ्याला सभेत वाचायला दिलं. मी दोन दिवस त्या अधिकाऱ्याचं नाव शोधत होते. कुठेच नाही. मिळालं असतं तर मला जरा सोबत झाली असती. लीला, ती नोटीस वकिलानं लिहिलेली नव्हती. सत्त्याण्णवचा मे महिना होता, माझा एम.ए.चा निकाल लागला होता आणि नोकरी नव्हती. भैय्याजींनी बोलावून म्हटलं, पोरी, तुही भाषा चांगली हाये, चार ओळी लिहून दे. मी लिहून दिल्या. 'कुलपरंपरेस बाधा' माझं. 'कसलाही संबंध उरलेला नाही' माझं. त्यांना तर नागसेनचं नाव आणि जात दोन्ही छापायची होती. मीच म्हटलं, ते बरं दिसत नाही, 'इसम' घालू या. आपण सभ्यपणा केला, असं मला तेव्हा वाटलं होतं. आज त्याच शब्दाची सगळ्यांत जास्त शिसारी येते. जूनमध्ये मी शाळेत रुजू झाले. याच्या बदल्यात ते, असं कुणी म्हटलं नाही. म्हणायची गरजच पडली नाही. आणि गेल्या महिन्यात 'दोन' हा आकडाही माझ्याच हातानं, माझ्याच अक्षरात पडला, कुणी सांगितलं नसताना. आपल्या जुन्या शिलालेखांची एक रीत मी दर वर्षी वर्गात कौतुकानं सांगते, की प्रशस्ती संपली की खाली रचणाऱ्याचंही नाव कोरतात. म्हणजे जे लिहिलं त्याचा धनी एकटा राजा नसतो. नागसेननं पुढच्या वेळी ते कात्रण वाचलं, की शेवटी हे नावही वाचायला सांग. अठ्ठावीस वर्षं ते लिहायचं राहून गेलं होतं.

शब्दरचना माझी, आणि तू खोडून टाकीपर्यंत
तुझीच,
नंदिनी